कापलेल्या स्प्रिंगा आणि उसाची ट्रॉली

हुपरीत चांदीचा हिशेब ग्रॅमात होतो, पण गाडीच्या स्प्रिंगा कापताना कुणी वजनकाटा मागवत नाही. गाडी खाली बसली की वळणावर चिकटते, असं हौशी मंडळी सांगतात. यात तथ्य आहे: गुरुत्वमध्य खाली येतो, बॉडी कमी कलते. मात्र चाकाला वर-खाली व्हायला जागाही तेवढीच कमी उरते. स्प्रिंग कापली की ती ताठ होते. जुना शॉकॲब तिला आवरू शकत नाही, चाक उसळतं, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? रेसच्या गाड्या ताठच असतात, हा हौशी मंडळींचा पुढचा मुद्दा. असतात, कारण ट्रॅकवर गळीत हंगामातल्या ट्रॉल्यांनी सांडलेला ऊस नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद होता. गल्लीतला गतिरोधक असली मानकं वाचत नाही, तो थेट इंजिनाच्या चेंबरशी बोलतो.

खरी सुधारणा अगदीच बेचव आहे: चांगले टायर, योग्य हवा, झिजलेले बुश बदलणं, व्हील अलाइनमेंट, मग हौस उरलीच तर एकमेकांना जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकॲब. त्यातही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. अडचण एवढीच, की नव्या बुशचा फोटो स्टेटसला ठेवता येत नाही.