तीन टक्क्यांची दोस्ती

रुमेनियाच्या दक्षिणेला देवेसेलू नावाचं एक गाव आहे. २०१६ पासून तिथे अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा नांदते आहे. ती सांभाळायला अमेरिकी नौसैनिक आले. परतीचं तिकीट काढलंय का, बँकेत शिल्लक किती, इकडे कोणी नातेवाईक राहतात का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नाही. नाटोच्या फौजांविषयीचा १९५१ चा करार आहे आणि त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहून ठेवलंय की दोस्ताच्या फौजेला पासपोर्ट नको, व्हिसा नको. ओळखपत्र आणि हुकमाचा कागद दाखवला की काम झालं.

त्याच देवेसेलूतल्या एखाद्या आजीला शिकागोला नातवाच्या बाप्तिस्म्याला जायचं असेल, तर तिने बुखारेस्ट गाठावं, १८५ डॉलर मोजावेत, दहा बोटांचे ठसे द्यावेत आणि काचेपलीकडच्या साहेबाला पटवावं की बाबा रे, मी परत येणार आहे, माझ्या कोंबड्या इथेच आहेत. अमेरिकी कायदा धरूनच चालतो की दारात आलेला पाहुणा कायमचा मुक्काम ठोकायला आलाय. तसं नाही, हे पाहुण्याने सिद्ध करायचं. (वांद्रे-कुर्ला संकुलात मुदत ठेवीच्या पावत्या आणि घराची कागदपत्रं फायलीत लावून ताटकळणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे कलम न वाचताच पाठ आहे. पण आपण नुसते ‘सामरिक भागीदार’. रुमेनिया २००४ पासून नाटोतला करारबद्ध दोस्त. रांग तीच.)

मग आजीचा व्हिसा माफ व्हावा म्हणून तिच्या देशाने काय करावं? तळ द्यावा? फौज पाठवावी? ते तर करावंच, पण त्याचे गुण धरत नाहीत. मुख्य अट अशी, की त्या देशातून व्हिसा मागणाऱ्यांपैकी नकार मिळालेल्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत हवं. आणि नकार देतो कोण? तोच काचेपलीकडचा साहेब. परीक्षकाने पुरेशा लोकांना पास केलं की परीक्षाच रद्द, अशी ही योजना. ज्या कुणाला ती सुचली, त्याला एकदा वाकून नमस्कार करायला हवा.

पोलंडचं बघा. या देशाने १९९१ मध्येच अमेरिकनांना व्हिसा माफ करून टाकला. २००३ मध्ये इराकवर चढाई झाली, तेव्हा सुरुवातीलाच सैनिक उतरवणाऱ्या मोजक्या देशांत पोलंड होता. बगदाद घ्यायला पोलिश माणूस चालला, शिकागो बघायला चालेना. ओबामांनी २०१० मध्ये शब्द दिला की माझ्या कारकिर्दीत हे मार्गी लावतो. कारकीर्द संपली, एक सोडून दोन. मार्ग काही लागला नाही. शेवटी नकाराचा आकडा २.८ वर उतरला आणि ११ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे नेमक्या पोलंडच्या स्वातंत्र्यदिनी, व्हिसा माफ झाला. मधल्या काळात पोलिश माणूस जास्त भरवशाचा झाला की साहेबाचा चष्मा बदलला, हे आकड्यावरून कळत नाही.

पोलंड आणि रुमेनियात एका जमातीला मात्र बिनव्हिसा प्रवेश मिळाला, तोही विमानभाडं न देता. सीआयएने आपले कैदी या दोन्ही देशांतल्या गुप्त कोठड्यांत आणून ठेवले होते. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये पोलंडला आणि २०१८ मध्ये रुमेनियाला त्यात दोषी धरलं. कागदोपत्री याला सुरक्षा सहकार्य म्हणतात.

रुमेनियाने दम धरला. आकडा २.६१ पर्यंत खाली आला. १० जानेवारी २०२५ ला, म्हणजे बायडेन सरकारचे दहा दिवस उरलेले असताना, व्हिसामाफी जाहीर झाली आणि ३१ मार्चचा मुहूर्त निघाला. बुखारेस्टमध्ये पुढाऱ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. मुहूर्ताला आठवडाही उरला नसताना वॉशिंग्टनहून निरोप आला की जरा थांबा, फेरतपासणी चालू आहे. २ मे रोजी मामला रद्द. दोनच दिवसांनी रुमेनियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीची फेरी होती, पण तो निव्वळ योगायोग समजावा. त्याच वर्षी ऑक्टोबरात काही अमेरिकी सैनिकही माघारी निघाले. जातानासुद्धा त्यांना व्हिसा लागला नाही.

आता कुणी म्हणेल, जशास तसं का करत नाहीत? युरोपीय संसदेने २०१७ मध्ये ठराव केला होता, की आपल्या सगळ्या सभासद देशांना माफी नसेल तर अमेरिकनांनाही व्हिसा लावा. युरोपीय आयोगाने तो ठराव आदराने वाचला आणि आदरानेच बाजूला ठेवला. संसद कोर्टात गेली. २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं, आयोगावर तसं बंधन नाही. उन्हाळ्यात ग्रीसच्या बेटांवर डॉलर कोण खर्च करतं, हे कोर्टालाही ठाऊक असणार.

बरं, माफी मिळालेल्यांची चैन असते असं समजू नका. ब्रिटन १९८८ पासून या यादीत आहे. पण २००९ पासून ब्रिटिश माणसालाही निघण्याआधी संगणकावर अर्ज भरून परवानगी घ्यावी लागते. त्याची फी आधी १४ डॉलर होती, मग २१ झाली आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ४० वर गेली. अर्जात विचारतात, आपण दहशतवाद, हेरगिरी, घातपात किंवा वंशसंहार यांपैकी काही केलंय का, करायचा विचार आहे का? समोर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय. शिवाय कबूल करायचं, की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने परत पाठवलं तर, आश्रय मागण्याचा अपवाद सोडून, दाद मागणार नाही. हा हक्क व्हिसावाल्याकडे थोडाफार असतो, माफीवाला मात्र तो आधीच सोडून येतो.

त्यावर नवी अट अशी, की यादीतल्या देशांनी २०२६ संपायच्या आत आपल्याकडचे बोटांचे ठसे वगैरे अमेरिकेला तपासता येतील अशी व्यवस्था करावी. आजीचे ठसे निदान आजीने स्वतः दिले होते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रस्ताव आला, की अर्जदाराने समाजमाध्यमांवरचा पाच वर्षांचा तपशील सक्तीने द्यावा. तेव्हा युरोपातल्या दोस्तांनी आताच बसून जुन्या पोस्टी चाळाव्यात. अमेरिकी अध्यक्षांच्या केशरचनेविषयी रात्री दोन पेगनंतर काही लिहिलं असेल तर ते आधी शोधून काढावं. वंशसंहाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहायला वेळ लागत नाही.