ओपन, क्लोज आणि ६१७४

खामगावात चहाच्या टपरीवर बसून कागदावर आकडेमोड करू नये. चार आकडी संख्या उलटसुलट मांडून मी वजाबाक्या करत होतो, तोच बाकावरचे काका सरकत जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ओपन हाय का क्लोज?"

काकांचा दोष नाही. हे कापसाचं गाव; कापसासाठीच तर १८७० साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला. आणि आकड्यांचा जुगारही कापसातूनच निघालेला. न्यूयॉर्कहून मुंबईला तारेने कापसाचे उघडते आणि मिटते भाव यायचे, त्यांवर लोक पैसे लावायचे. पुढे मटका आला. तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा तो ओपन. अंकांची बेरीज महाराष्ट्राला शाळेने जास्त शिकवली की मटक्याने, यावर मी बोलणार नाही.

काकांना म्हटलं, हे द. रा. कापरेकरांचं गणित. देवळालीचे शाळामास्तर. १९६२ साली ते निवृत्त झाले आणि त्याच साली वरळीला मटका सुरू झाला, निव्वळ योगायोग.

"लावत होते का मास्तर?"

"नाही हो. त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत आकडा सांगितला, तोही फुकट."

मग आपल्या पिनकोडचे, म्हणजे ४४४३०३ चे, शेवटचे चार अंक घेतले. मोठ्याकडून लहानाकडे ४३३०, लहानाकडून मोठ्याकडे ०३३४. वजा केले: ३९९६. पुन्हा तेच: ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. त्यापुढे कितीही करा, ६१७४ च. कोणतीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच येते.

"म्हंजे फिक्स हाय!" काका बाकावरून अर्धे उठले. "अन् हा मास्तर शाळेत शिकवत राह्यला?"

"एकच पथ्य. चारही अंक सारखे नकोत. ९९९९ घेतलं की पहिल्याच वजाबाकीत शून्य."

काका बराच वेळ खूश होते. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी जीपला तो नंबर मिळावा म्हणून आरटीओत वर पैसे भरले होते म्हणे.

मग मी हर्षद संख्यांवर आलो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या आनंद देते, म्हणून कापरेकरांनी तिला हे नाव दिलं. काकांनी लगेच पिनकोडचे अंक बोटांवर मोजले: अठरा. पण संख्या विषम, अठराने भाग कसा जाणार? खामगाव हर्षद नाही. काकांचा चेहरा पडला.

"मंग अकोल्याचा?"

४४४००१. बेरीज तेरा. बाकी बारा. "नाही जात."

"अमरावती?"

४४४६०१. बेरीज एकोणीस, बाकी एक. "एकानं हुकली."

"हुकलीच पाह्यजे," काका म्हणाले आणि पोऱ्याला आणखी दोन चहा सांगितले.