तोतयांचे सुवर्णयुग

फसवणुकीच्या संदेशांतील मराठी शुद्ध झाल्यापासून आमच्या वडूज गावची सुरक्षितता धोक्यात आली आहे, असे मी म्हटले तर तो एका निवृत्त अव्वल कारकुनाचा व्याकरणविषयक हट्ट समजला जाईल. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. काही वर्षांमागे ‘प्रिय ग्राहक, आपला वीज आज रात्री साडेनऊ वाजता कापला जाईल’ असा संदेश मोबाईलवर येऊन धडकला, की ज्याला विजेचे लिंग ठाऊक नाही तो वीजमंडळाचा नोकर असणे संभवत नाही, हे येरळाकाठच्या शाळकरी पोरासही उमगत असे, आणि संदेश धाडणाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गाव स्वस्थ झोपी जात असे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता नामक एक नवा मुनशी या भामट्यांच्या पदरी चाकरीस राहिला आहे. तो ‘महोदय’ लिहितो, विभक्तिप्रत्यय जागच्या जागी ठेवतो आणि फर्माविल्यास माणदेशी हेलही काढून दाखवितो. सारी हयात तहसील कचेरीत मसुदे लिहिण्यात घालविलेल्या माझ्यासारख्याने यावरून एक उलटा निकष बसविला आहे: सरकारी म्हणविणारी नोटीस पहिल्याच वाचनात समजली, तर ती बनावट आहे असे धरून चालावे. खऱ्या नोटिशीचा अर्थ लागण्यास निदान दोन कारकून, एक वकील आणि दोनदा चहा लागतो.

तसे पाहता तोतये मराठी मुलखास नवे नाहीत. १७६१ साली पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असे सांगत एक इसम उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडूनही त्याने आपला दावा सोडला नाही. १७७६ साली तेथून सुटून त्याने कोकणपट्टीत धुमाकूळ मांडला, आणि त्याच वर्षी पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. या गृहस्थाविषयी मला हल्ली काहीशी सहानुभूती वाटू लागली आहे. त्याला वर्षानुवर्षे भाऊसाहेबांसारखे बसावे, उठावे आणि बोलावे लागले असेल. आजच्या तोतयास एवढे कष्ट कोठले? कोणा पुतणीच्या हळदीच्या चित्रफितीत तुम्ही ‘नवरदेवाला पाट द्या’ म्हणून ओरडला असाल, तर तेवढे काही सेकंद त्याला पुरतात. त्यावरून तो तुमचा आवाज घडवितो आणि तुम्ही जन्मात न उच्चारलेली वाक्ये तुमच्याच कंठातून वदवितो. २०२४ च्या जानेवारीत खुद्द सचिन तेंडुलकरांना, एका खेळाच्या ॲपची भलामण करणारा तो मी नव्हेच, असा जाहीर खुलासा करावा लागला. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने पडद्यावरील बैठकीत आपले वरिष्ठ बोलताना पाहिले, त्यांचा हुकूम ऐकला आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर रवाना केले. मागाहून उमगले, की त्या बैठकीत त्याच्याखेरीज खरे असे कोणीच नव्हते. सारे सदेह हजर असून कोणीच नसल्यासारख्या बैठका मी कचेरीत पुष्कळ पाहिल्या. परंतु त्यांत सरकारचा प्रवासभत्त्यापलीकडे तोटा होत नसे.

या विद्येस आमच्या मुलखासारखे सुपीक रान दुसरे मिळणार नाही. इकडे खटाव-माण आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातील विटे-आटपाडी हा सारा अवर्षणाचा टापू. पावसाने पाठ फिरविली म्हणून येथील माणसे गलाईच्या धंद्यात शिरली, आणि जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याची ती कला पोटाशी बांधून दूरदूरच्या प्रांतांत जाऊन राहिली. त्यामुळे आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी परमुलखात असतो आणि तो केवळ आवाजाच्या रूपाने घरी येतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत काढलेले कुटुंबाचे छायाचित्र त्यातील सर्वांच्या नावांनिशी फेसबुकावर लावलेले असते. नवा मुनशी ते सारे दप्तर क्षणात चाळून प्रत्येक घरासाठी स्वतंत्र मसुदा तयार करतो. पूर्वीचा भामटा हजारांना एकच पत्र धाडी. हा ज्याला त्याला त्याच्या आत्याचे नाव घालून धाडतो. कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढून सोन्यातील हिणकस ओळखणारी ही माणसे आवाजापुढे मात्र हतबल होतात, कारण आवाजास कस लावण्याचा दगड अद्याप निघालेला नाही.

‘डिजिटल अटक’ नामक प्रकाराची कथा आणखी निराळी. आमच्या लहानपणी सुगी आटोपली की खाकी गणवेशातला बहुरूपी दारात उभा राही, घरधन्यावर एखादा अचाट गुन्हा शाबीत करून अटकेचे फर्मान वाची, पोरे आजीच्या पदराआड दडत, आणि सुपातले जोंधळे झोळीत पडताच फौजदारसाहेब आशीर्वाद देऊन पुढच्या दारी जात. त्याचे खोटेपण सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्याचा व्यवहार चोख होता. त्याचा हा नवा अवतार पडद्यावर मागे राजमुद्रा लावून बसतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणतो, न्यायालयाचा शिक्कामोर्तब हुकूम दाखवितो आणि कॅमेरा बंद करू नका, घरात कोणास सांगू नका, असे बजावतो. सारी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. कारण वडुजात कोणतीही गोष्ट शेजारी कळली, की तिची उलटतपासणी आपोआप सुरू होते. असली अटक कायद्यात कोठेही नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले, तरीही माणसे पडद्यापुढे हात जोडून बसतात. याच गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती तिरंगा घेऊन कचेरीवर चालून गेले आणि खऱ्या पोलिसांच्या खऱ्या गोळ्यांना छाती देऊन हुतात्मे झाले. त्यांच्या गावच्या माणसाने भाड्याच्या खाकी सदऱ्यापुढे थरथरावे, ही गोष्ट मला विनोदाच्या सदरात घालता येत नाही.

उपायांचे म्हणाल, तर ते थोडके आहेत. लग्नसराईत ‘एपीके’ असे शेपूट असलेली लग्नपत्रिका आली, तर कितीही जवळचा सोयरा असो, ती उघडू नये. ती मोबाईलमध्ये मुक्काम ठोकून बँकेचे ओटीपी वाचते आणि तुमच्याच नावाने गावभर अक्षता वाटते. बँकेचा म्हणून फोन आला, तर तो ठेवून द्यावा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन करावा. घात झालाच, तर शरमेने घरात बसून न राहता तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्यात पळत असते, आणि दवंडी लवकर पिटली तर ती वाटेत गोठविता येते.

परंतु खरा बंदोबस्त केला तो आमच्या शेजारच्या आक्कांनी. घरातल्यांनी आपसांत एक गुप्त खूण ठरवावी, हा सल्ला त्यांनी कोठेसा ऐकला आणि बाहत्तरच्या दुष्काळात विकाव्या लागलेल्या खिल्लार बैलाचे नाव ही खूण मुक्रर करून मदुरैच्या गलाईवाल्या नातवाकडून ते घोकून घेतले. परवा त्याचा फोन आला, तेव्हा मी तेथेच बसलो होतो. दुकानाचे भाडे थकले होते, पैसे हवे होते.

“बैलाचं नाव सांग,” आक्का म्हणाल्या.

पलीकडे शांतता. मग “सर्जा?” असा भीत भीत प्रश्न.

“आक्का, आवाज त्याचाच आहे हो,” मी रदबदली केली.

“आवाज त्योच हाय, पर बैल कुटाय?” असे म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि त्या गवारीच्या शेंगा मोडू लागल्या.

घटकाभराने माझ्या खिशातील फोन वाजला. “काका, बैलाचं नाव तेवढं सांगा की,” नातू काकुळतीस आला होता. नाव माझ्या अगदी जिभेवर होते. परंतु तो नातू होता की मुनशी, याचा दाखला माझ्याकडे तरी कोठे होता? “आपला अर्ज पोहोचला. चौकशीअंती कळविण्यात येईल,” असे सांगून मी फोन ठेवला.