हॅकिंगबद्दल खुलासा

डॉर्चेस्टर, बोस्टन
२० जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,


सगळ्यात आधी खुलासा: तुमच्या जावयाला, म्हणजे मंदारला, अटक झालेली नाही. तो कुणाच्या बँकखात्यात शिरलेला नाही. उलट बँकच आमच्या घरात शिरून बसली आहे आणि पुढची तीस वर्षं उठायचं नाव घेणार नाही. आई, तुला सुधामावशीने सांगितलं, मावशीला बंड्याने, आणि बंड्याने मंदारचं अर्धंच ऐकलं, कारण व्हिडिओ कॉलवर तो समोरच्याचं ऐकत नाही, स्वतःचे केस बघतो. (त्याचा साखरपुडा मोडल्याचं कळलं. मुलगी हुशार दिसते.)

'हाउस हॅकिंग' म्हणजे दोन-तीन बिऱ्हाडांचं घर घ्यायचं, एकात आपण राहायचं आणि उरलेल्यांच्या भाड्यावर हप्ता ओढायचा. गिरगावात बाबांचे घरमालक हेच करायचे. त्यांना कुणी हॅकर म्हटलं नाही. जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मी तळघरात बसून लिहितेय. बॉयलरवाला आठ ते बाराच्या मधे येणार आहे, म्हणजे पावणेबाराला. वहीखाली कपड्यांचं मशीन आहे. अक्षर थरथरलेलं दिसलं तर मशीन पिळतंय असं समजा, मी रडतेय असं आईने लगेच ठरवू नये.

बाबा, रिडेव्हलपमेंटच्या कागदावर तुम्ही सही करत नाही म्हणून दादा वैतागलाय. जिन्याखालची सायकलची जागा नकाशात दाखवली नाही, हे तुमचं कारण त्याला हास्यास्पद वाटतं. मला वर्षापूर्वी वाटलं असतं. आता मी स्वतः तीन बिऱ्हाडांची मालकीण आहे आणि जिन्याखाली काय ठेवायचं यावर जगभर भांडणं होतात हे मला कळलंय. नकाशात जागा येईपर्यंत सही करू नका. मी म्हटलं असं मात्र दादाला सांगू नका.

त्याचा विनोद पोचला. 'बाबा चाळीतून बाहेर पडले, चिनूने परदेशात जाऊन चाळ विकत घेतली.' तीनदा पाठवला त्याने. वाईट याचं वाटतं की ते खरं आहे. इथे या घरांना ट्रिपल डेकर म्हणतात. लाकडी, तीन मजले, एकावर एक डब्यासारखी तीन सारखी बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला गॅलरी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या कामगारांसाठी ती उठली, आणि तेव्हाही एका मजल्यावर मालक राहून दोन मजले भाड्याने देत असे. आमचं १९१० चं. आम्ही मधल्या मजल्यावर आहोत, म्हणजे वरून पावलं आणि खालून तक्रार.

किंमत फोनवर सांगितली नव्हती, आता सांगते. आईला बसवा. अकरा लाख डॉलर. रुपयांत करू नका म्हणणार होते, पण बाबांनी पेन्सिल उचललीच असेल. होय, दहा कोटींच्या घरात जातं. दहा कोटींत मिळालं काय, तर खिडकीच्या जुन्या रंगात शिसं, आणि पाणी सोडलं की कण्हणारा नळ. सहा वर्षांच्या आतलं मूल राहत असेल तर इथल्या कायद्याने ते शिसं काढावं किंवा झाकावंच लागतं. आमची ओवी चार वर्षांची आहे आणि खिडकीची चौकट चाटते. तेव्हा पहिले पैसे सोफ्यावर नाही, चौकटी खरवडण्यावर गेले.

पैसे आणले कुठून, हा बाबांचा प्रश्न. सरकारी हमीच्या कर्जात साडेतीन टक्के भरून भागतं, पण तीन बिऱ्हाडांच्या घराला अट अशी की पूर्ण घराच्या भाड्याच्या पंचाहत्तर टक्क्यांत हप्ता बसला पाहिजे. बोस्टनच्या किमतीत तो बसत नाही, उभाही राहत नाही. मग साध्या कर्जाकडे वळलो. स्वतः राहणार असाल तर २०२३ च्या शेवटापासून तिथे पाच टक्क्यांवर भागतं. पंचावन्न हजार भरले. कर, विमा धरून महिन्याला आठ हजार दोनशे जातात, दोन भाड्यांचे सहा हजार शंभर येतात. उरलेलं आमचं. आधीच्या दोन खोल्यांना बत्तीसशे देत होतो, तेव्हा हिशेब वाईट नाही असं मंदार रोज रात्री म्हणतो. कुणी विचारलेलं नसताना.

आमचं नशीब बघा. इतकी वर्षं भाडेकरू होतो तेव्हा दलालाचे पैसे भाडेकरूने द्यायची रीत होती. दर वेळी एक महिन्याचं भाडं आम्ही मुकाट्याने मोजलं. जूनमध्ये मालक झालो आणि १ ऑगस्टपासून कायदा आला: ज्याने दलाल बोलावला, त्याने द्यायचे. तळमजल्यासाठी बोलावला कुणी? आम्ही.

आणि आता डिपॉझिट. पुण्यात असताना माझ्या घरमालकिणीने भिंतीला खिळ्याचं भोक पडलं म्हणून माझं सगळं डिपॉझिट गिळलं होतं, आठवतं? भोक माझ्या आधीच्या मुलीने पाडलं होतं. त्या बाईंना एकदा मॅसॅच्युसेट्समध्ये आणून बसवायला हवं. इथे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. घेतलं तर ते आपल्या पैशात मिसळायचं नाही, याच राज्यातल्या बँकेत वेगळं, व्याजाचं खातं उघडायचं. तीस दिवसांत बँकेचं नाव, पत्ता आणि खातेक्रमांक लिहून पावती द्यायची. घराला कुठे किती ओरखडे आहेत त्याची सही केलेली यादी द्यायची. दर वर्षी व्याज द्यायचं. यातल्या काही चुकांसाठी भाडेकरू तिप्पट वसूल करू शकतो. शहाणे मालक म्हणून डिपॉझिट घेतच नाहीत. आम्हाला वरच्या मजल्याचं घराबरोबर आलं, आंदण मिळाल्यासारखं.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या डिपॉझिटचं वर्ष डिसेंबरात भरलं. एकतीसशे डॉलरवर बँकेने वर्षाचं व्याज दिलं एकतीस सेंट. मी चेक लिहिला. अक्षरी 'शून्य डॉलर आणि एकतीस सेंट'. मंदार म्हणाला, पोस्टाने पाठव, पुरावा राहतो. तिकीट अठ्ठ्याहत्तर सेंटचं. आजोबा एक मजला वर राहतात. शेवटी ताटलीत चेक, त्यावर वाटीभर तिळगूळ, असं घेऊन जिना चढले. त्यांनी चेक उजेडात धरून पाहिला, मोठ्यांदा हसले आणि तिळगूळ आधी खाल्ला.

हे आजोबा केप व्हर्देचे, आयुष्यभर बस चालवली. मका आणि घेवड्याचं काहीतरी तासन्‌तास शिजवतात आणि एक डबा आमच्या दाराशी ठेवतात. भाडं दर एक तारखेला रोख, पाकिटात घालून, स्वतः हातात आणून देतात आणि मी पावती लिहीपर्यंत दारात उभे राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. बाबा, तुम्ही सांगायचात ना, आपले आजोबा चाळीच्या मेहताजींच्या टेबलापाशी असेच उभे राहायचे. पावती लिहिताना दर वेळी माझं अक्षर बिघडतं. तेव्हा मशीन चालू नसतं.

त्यांची एकच खोड. संपूर्ण घराला एक बॉयलर, गॅसचं बिल आमचं. १५ सप्टेंबर ते ३१ मे दिवसा निदान ६८ अंश आणि रात्री ६४ ठेवायचे, ही मालकाची कायदेशीर जबाबदारी. (फॅरनहाइट, आई, घाबरू नकोस. दिवसाचे आपले वीस.) वर ७८ च्या पुढेही जायचं नाही. तळमजल्यावरच्या नर्सिंगच्या मुलींना ६८ मिळावेत म्हणून बॉयलर पेटवला की सगळी वाफ वर धावते. मग आजोबा जानेवारीत खिडक्या सताड उघडून बनियनवर बसतात आणि आमच्या पैशाने सबंध गल्ली शेकते. आणि बॉयलर बंद पडला की चमच्याने पाइप वाजवतात. आज पहाटे पाचला वाजवला. अर्ध्या झोपेत मला वाटलं, खालून दूधवाला कडी वाजवतोय.

बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरापुढचा फुटपाथ साडेतीन फूट मोकळा करायचा, हेही मालकाचंच. गाडी उकरून काढली की त्या जागी आपली वस्तू ठेवून ती राखायची पद्धत आहे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी. नगरपालिका बर्फाची आणीबाणी उठल्यावर अठ्ठेचाळीस तास ते चालवून घेते. लोक मोडकी खुर्ची ठेवतात. मंदारने सत्यनारायणाचा चौरंग ठेवला. आई, मी त्याला बोलले आहे, तू पुन्हा बोलू नकोस. चौरंग शाबूत आहे.

पार्सल मिळालं. गोडा मसाल्याची पुडी फुटली, त्यामुळे लाडूंना आमटीचा वास आहे. ओवीला तसेच आवडले. लाडवांभोवती तू घातलेले पेपर मी इस्त्रीच्या टेबलावर पसरून सपाट केले आणि सगळे वाचले. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी दोनदा. कुठली धीमी गाडी कुठल्या स्टेशनला थांबणार नव्हती ते मला पाठ आहे. मंदार म्हणाला, तो रविवार केव्हाच होऊन गेला.

बेल वाजली. पावणेबारा. पुढच्या वेळी भाजणी पाठव, आणि पेपर चिकटपट्टीने डकवू नकोस, अक्षरं निघून येतात.

बाबा, शब्दकोड्यात उभा सात चुकलाय. राहण्याची जागा, तीन अक्षरी. तुम्ही 'निवास' लिहिलंत. 'बिऱ्हाड' घालून बघा, आडवा बारा जुळतो.

तुमची,
चिनू