लॅपटॉप घ्यावा दात मोजून

माझे आजोबा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात लोकांना बैल पारखून देत. स्वतःच्या दावणीला दोनच, पण सल्ला पंचक्रोशीला. जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजायचे, खूर उचलून बघायचे, वशिंडावर थाप मारायची आणि मग हेड्याकडे अशा नजरेने पाहायचं की तो आपणहून पाचशे उतरायचा. मला त्यातलं काही आलं नाही; मी बँकेत लागलो. पण गेल्या वर्षी भाच्याने गेमिंग लॅपटॉपचा घाट घातला आणि ऑफिसातला प्रिंटर दोनदा सुरू करून दाखवलेला मनुष्य म्हणून घरच्यांनी मला पुढे केलं. तीन महिने अभ्यास केला तेव्हा लक्षात आलं, आजोबांचं शास्त्र या बाजारालाही जसंच्या तसं लागू पडतं. गरजूंसाठी ते इथे क्रमवार देत आहे. पायऱ्या गाळू नयेत. गाळल्यास परिणामांना आजोबा जबाबदार नाहीत.

पायरी १ : कारण ठरवावे

लॅपटॉप खेळायला हवाय, असं घरी कधीही सांगू नये. ‘इंजिनिअरिंगला लागतो’ हे मान्यताप्राप्त कारण आहे. त्यात ‘कॅड’, ‘रेंडरिंग’ आणि ‘मशीन लर्निंग’ हे तीन शब्द पेरावेत. वडिलांना तिन्हींचा अर्थ माहीत नसतो, मुलाला एखाद्याचा असतो.

भाचा प्रत्यक्षात काय खेळतो, ते मी त्याच्या खोलीत बसून पाहिलं. व्हॅलोरंट. २०२० साली आलेला हा खेळ मुळातच साध्यासुध्या संगणकावर चालावा म्हणून बेतलेला आहे. त्यासाठी लाखाचं यंत्र घेणं म्हणजे परसातल्या मेथीच्या वाफ्याला सहा बैलांचा नांगर. मी तसं सूचित केल्यावर तो म्हणाला, “मामा, पुढे सायबरपंक खेळायचाय ना.” हा मात्र खरोखर खादाड खेळ. पुढे कधीतरी खेळू अशा खेळासाठी आज यंत्र घेणं, ही या बाजाराची अर्धी उलाढाल आहे.

पायरी २ : अंदाजपत्रक करावे आणि मोडावे

आमचा आकडा ठरला ८० हजार. पण या धंद्यात पुढचं मॉडेल नेहमी ‘फक्त साडेसात हजारांनी’ वर असतं. एकदम ४५ हजार कोणीही वाढवत नाही. माणूस साडेसात हजार सहा वेळा वाढवतो आणि प्रत्येक वेळी शहाणपणाच करतो. आम्ही सहा शहाणपणांत सव्वा लाखावर पोचलो. शिडी तिथेही संपत नाही. वरच्या पायऱ्या चार लाखांच्या पुढे जातात.

आजोबा बाजाराला निघताना ठरलेली रक्कम मोजून कशात बांधत आणि कसा कमरेला. बाकीचे पैसे घरी, आजीकडे. हा उपाय आजही रामबाण आहे. अडचण एवढीच की क्रेडिट कार्डाला आजी नसते.

पायरी ३ : जातीच्या नावाला भुलू नये

हेड्या सांगतो, “अस्सल खिलार!” खिलार असेलही, पण बैल आहे की गोऱ्हा, ते तो सांगत नाही.

ग्राफिक्स कार्डांचं असंच आहे. एनव्हिडिया टेबलावरच्या संगणकातल्या आणि लॅपटॉपमधल्या कार्डाला एकच नाव देते. टेबलावरच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कुडा कोअर आणि ३२ जीबी मेमरी. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात १०,४९६ कोअर आणि २४ जीबी. म्हणजे निम्म्याहून कमी. आतली चिपही टेबलावरच्या ५०८० मध्ये बसते तीच. आधीच्या पिढीतल्या ४०९० चंही तेच होतं : टेबलावर १६,३८४ कोअर, मांडीवर ९,७२८. तेव्हा यूट्यूबवर कोणी ‘५०९० वर काय पळतोय बघा’ म्हणाला, तर आधी त्याच्या टेबलाखाली डबा ठेवलाय का ते बघावं.

पायरी ४ : कडबा विचारावा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. म्हणूनच दुकानात तिचा उल्लेख नसतो.

आजोबा म्हणायचे, “खाईल तेवढंच वढंल.” लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा कडबा वॅटमध्ये मोजतात आणि त्या खुराकाला टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ४०६० हे एकच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठल्याही खुराकावर ठेवायची मुभा कंपन्यांना आहे. सडपातळ लॅपटॉपमध्ये ते उपाशी असतं, जाडजूड लॅपटॉपमध्ये जेवून असतं. डब्यावरचं नाव एकच, किंमतही पुष्कळदा तीच. किंबहुना सडपातळाची जास्त, कारण तो दिसायला बरा. त्यामुळे भरपेट जेवणारं खालचं कार्ड अर्धपोटी वरच्या कार्डाला मागे टाकू शकतं.

मी दुकानात विचारलं, “याचा टीजीपी किती?” विक्रेत्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग म्हणाला, “सर, आय-सेव्हन आहे.” मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “सर, कीबोर्डला लाइट आहे.” जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून होई, काय ठरलं ते तिसऱ्याला कळत नसे. इथे रुमालाखालचा आकडा हा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलाच्या पानात अगदी तळाशी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या शेवटच्या ओळीएवढ्या अक्षरात सापडतो. न सापडल्यास तो सांगण्याजोगा नाही असं समजावं.

कडब्याबरोबर गव्हाणही बघावी. दणकट लॅपटॉपसोबत २८० किंवा ३३० वॅटचा अडॅप्टर येतो, जवळपास किलोभर वजनाचा. लॅपटॉप स्वतः अडीच किलो. बॅटरी कितीही मोठी म्हटली तरी १०० वॅट-अवरच्या आतच, कारण विमानात विनापरवानगी त्याहून मोठी नेता येत नाही. शिवाय प्लग काढला की कार्ड आपलं आपण निम्म्या चालीवर येतं. सारांश, हे भिंतीला बांधून ठेवायचं जनावर आहे. ‘कुठेही नेता येतं’ याचा अर्थ ‘या भिंतीकडून त्या भिंतीकडे’ असा घ्यावा.

पायरी ५ : दात मोजावेत

बैलाचं वय दातांवरून कळतं : आदत, दुसा, चौसा, मग जुळलेला. कार्डाचे दात म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. नवे खेळ ८ जीबीत कण्हतात. सगळी चित्रं झकपक ठेवली की मेमरी भरते आणि पळता खेळ ठेचकाळायला लागतो.

आता गंमत बघा. २०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉप कार्डांत ५०६० ला ८ जीबी आणि तिच्या वरच्या, महागड्या ५०७० लाही ८ जीबीच. १२ जीबी हवी तर ५०७० टीआय, १६ हवी तर ५०८०. म्हणजे मधली पायरी चढताना पैसे मोजायचे, दात तेवढेच. आणि बैलाला निदान वयानुसार दात येतात. कार्ड चौसा घेतलं की मरेपर्यंत चौसा.

पायरी ६ : मातीचे बैल वगळून मोजावेत

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग चमकतं जाकीट घालून उभे राहिले आणि ५४९ डॉलरची ५०७० आता ४०९० ची कामगिरी देईल, असं त्यांनी जाहीर केलं. हे कसं? तर कार्ड एक चित्र खरं काढणार आणि दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये तीनपर्यंत अंदाजाने भरणार. याला मल्टी फ्रेम जनरेशन म्हणतात.

पोळ्याला पाटावर आपण मातीचे बैल मांडतो. ते दिसतात सुंदर आणि पूजेला चालतात. पण गोठ्यात एक बैल आणि पाटावर तीन असताना ‘माझ्याकडे चार बैल’ म्हणून कोणी नांगरट अंगावर घेत नाही. भरलेल्या चित्रांनी हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरं. पण बोटाने बटण दाबल्यावर बंदूक किती लवकर उडते, ते खऱ्या चित्रांवरच ठरतं. मुळात सेकंदाला साठेक खरी चित्रं निघत असतील तर हा साज शोभतो. वीसच निघत असतील तर चिखलात रुतलेल्या बैलाला झूल घातल्यासारखं होतं. म्हणून जाहिरातीतला उभा खांब बघताना खाली बारीक अक्षरात ‘फ्रेम जनरेशनसह’ लिहिलंय का ते बघावं. लिहिलेलं असतं.

पायरी ७ : नंतर काय बदलता येईल ते आधी विचारावे

बैल घेतल्यावर नाल बदलता येतो, वेसण बदलता येते, घुंगरं वाढवता येतात. पाय बदलता येत नाहीत. लॅपटॉपचंही इतकंच.

नाल म्हणजे एसएसडी : मागचं झाकण उघडून एम-डॉट-टूची दुसरी खाच रिकामी आहे का बघावं. असल्यास आज ५१२ जीबीवर भागवून पुढे वाढवता येते. वेसण म्हणजे रॅम, पण ती काढता येण्याजोगी हवी. बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच डाखलेली असते. तिथे जे घ्याल ते जन्माचं. शिवाय १६ जीबीची एकच पट्टी असेल तर रस्ता एकपदरी होतो आणि काही खेळ तेवढ्यानेच मंदावतात. ८-८ च्या दोन बऱ्या.

‘रॅम काय, स्वस्तात नंतर वाढवू,’ हा सल्ला मी स्वतः छातीठोकपणे दिला होता. मग २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलला आणि पट्ट्यांचे भाव भडकले. माणदेशी माणसाला खरं तर हे सांगायला नको होतं. दुष्काळात बैलापेक्षा कडबा महाग होतो.

आणि पाय म्हणजे कार्ड, प्रोसेसर, पडदा. ते जन्माचे. कार्ड बदलता येईल असा लॅपटॉप करायचे प्रयत्न झाले. २०१९ च्या एलियनवेअर एरिया-५१एमची जाहिरातच तशी होती. पण पुढची कार्डं त्यात बसेनात आणि २०२१ मध्ये अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपचं कार्ड मात्र खरोखर मागून निघतं आणि नवं बसतं. हा अपवाद. बाकी सगळीकडे नियम सोपा : जे बदलता येत नाही तिथे पैसे घालावेत, जे बदलता येतं तिथे वाचवावेत. लोक नेमकं उलट करतात, कारण ‘१ टीबी’ हा आकडा शेजाऱ्याला सांगता येतो आणि ‘११५ वॅट’ सांगितलं तर तो इस्त्री समजतो.

पडद्याबद्दल एकच. २५६० बाय १६०० च्या पडद्यावर १९२० बाय १२०० पेक्षा जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. कार्ड लहान आणि पडदा मोठा, म्हणजे गोऱ्ह्याला मोठ्या बैलाचं जू.

पायरी ८ : सौदा करावा

‘नो-कॉस्ट ईएमआय’ हा शब्द बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसापुढे उच्चारू नये. व्याज असतंच, ते तुम्हाला आधी सवलत म्हणून दाखवतात आणि मग हप्त्यात वसूल करतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून जातो. व्याज ९ हजार धरलं तर १,६२० रुपये, वर प्रक्रिया शुल्क. फुकट बैलाचा कासरा विकत.

पायरी ९ : जुंपून बघावा

आजोबा बैल गाडीला जुंपून कोसभर पळवल्याशिवाय इसार देत नसत. आल्या दिवशीच सगळ्यात जड खेळ अर्धा तास चालवावा. पहिली पाच मिनिटं कुठलंही यंत्र पळतं. विसाव्या मिनिटाला वॅट किती उरलेत ते एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघावं. प्रोसेसर पंचाण्णव अंशांवर गेला तर घाबरू नये, पण तापून कार्डाची चाल निम्मी होत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत परत करावा.

आम्ही हे केलं. पंखे असे सुटले की आतल्या खोलीतून माझी आई बाहेर आली. ऐंशी वर्षांची, जन्म गोठ्याशेजारी गेलेला. तिने लॅपटॉपच्या कडेशी हात धरला, गरम वारा घेतला आणि भाच्याला म्हणाली, “धापा टाकतंय रे ते. सोड त्याला. जरा सावलीला बांध.” नऊ पायऱ्यांचं सार तिला एका हातात कळलं होतं. आम्ही मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवली. तापमान चार अंशांनी उतरलं. तीन हजारांचा कूलिंग पॅड वाचला.

पायरी १० : शेवटी शिंगं बघावीत

इथवर आल्यावर प्रामाणिक मार्गदर्शकाने एक गोष्ट सांगायला हवी. एका रविवारी आजोबा सगळ्या गावासमोर एक पांढराशुभ्र खिलार घेऊन आले. शिंगं अशी मागे जाऊन वर वळलेली की लोक सायकल थांबवून बघत. दात बरोबर, खूर बरोबर, किंमत भलतीच. नांगराला जुंपला की तो दोन तासांत बसायचा. हे त्यांना बाजारातच कळलं होतं, असं आजी म्हणायची. तो बैल त्यांनी गोठ्यात नाही, रस्त्याच्या बाजूला कडुलिंबाखाली बांधला. संध्याकाळी तिथेच खाट टाकून बसायचे.

भाच्याचा लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावर दरवाजाकडे पाठ करून असतो, म्हणजे झाकणावरचा उजळलेला शिक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. परवा फोनवर विचारलं, सायबरपंक कसा चाललाय? म्हणाला, “अजून टाकला नाही रे मामा. व्हॅलोरंट मस्त पळतो पण.”

मी बरं म्हटलं. मग विचारलं, कीबोर्डचे दिवे चालू ठेवतोस ना?