अर्जनविसाच्या दफ्तरी डॉक्टर लागू

इसवी सन 1724 मध्ये निजामउल्मुल्काने ज्या गावाच्या शिवारात मुबारिजखानाचा पाडाव केला आणि विजयाच्या भरात ज्याला फत्तेखेर्डा हे नाव बहाल केले, त्या आमच्या साखरखेर्ड्याने ते नाव आदरपूर्वक बासनात गुंडाळून ठेवले व आपली साखर कायम राखली. त्यानंतर येथे नाव घेण्याजोगा रणसंग्राम झाला नाही असे इतिहासकार समजतात. परंतु डॉक्टर श्रीराम लागू यांची सर्वश्रेष्ठ भूमिका कोणती, या प्रश्नावर आमच्या पारावर ज्या चकमकी झडल्या, त्यांना बखरकार लाभला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांचे खरे साम्राज्य रंगभूमीवर. 1970 साली त्यांनी उभा केलेला ‘नटसम्राट’ पाहिल्याचे सांगताना पुण्या-मुंबईचे पाहुणे अर्धोन्मीलित नेत्रांनी आढ्याकडे पाहत. आमच्या वाट्याला आले ते तंबूतल्या पडद्यावरचे डॉक्टर. तथापि कचेरीच्या आवारात उभा जन्म अर्ज लिहिण्यात घालवलेले आमचे अण्णा एकदा रसग्रहणास बसले, की उणीव कशाचीच भासत नसे.

‘पिंजरा’तले आदर्श गुरुजी तमाशाच्या फडात बुडतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातात, हे अण्णांना कायद्याच्या दृष्टीने मुळीच मान्य नव्हते. “मयत तोच आरोपी! पंचनाम्यात ओळख पटवण्यात कसूर झाली, तेव्हा पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांचा जबाब घ्यायला पाहिजे,” असे म्हणून ते क्षणभर थांबत आणि खालच्या आवाजात पुस्ती जोडत, “पण तो माणूस चेहरा असा काही करतो, की अपील करावंसंच वाटत नाही.” टीकाकारांनी या अभिनयावर पुष्कळ शाई खर्च केली आहे, सरकारी कामकाजाची सवय जडलेल्या मनाला अपिलाचा विसर पाडणे हा त्यातला केवढा पराक्रम आहे, हे मात्र अण्णांनाच उमगले होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

‘सामना’ने प्रकरण अधिक चिघळले. निळू फुल्यांनी रंगवलेल्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या राज्यात डॉक्टरांचा दारुडा मास्तर मारुती कांबळेची चौकशी करीत हिंडतो, हे पाहून आल्यावर पुढे कित्येक दिवस गावातल्या कोणत्याही सभेत कोणी हिशेब विचारावयास उठला, की अध्यक्ष त्याच्याकडे निळू फुल्यांच्या नजरेने पाहू लागत. आणि मग 1979 मध्ये ‘सिंहासन’ आला! त्यात डॉक्टर अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होऊन मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीखाली सुरुंग पेरतात, आणि निळूभाऊ तेवढे सज्जन पत्रकार! अण्णा संतापले. नोटीस न बजावता हा फेरफार मंजूर झालाच कसा, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

‘घरौंदा’तला वयस्कर, श्रीमंत मोदी तरुण मुलीशी लग्न करतो, तरी त्याचा राग येत नाही, फिल्मफेअरने या भूमिकेचा गौरव केला, आणि आमच्याकडील काही विधुरांनी फिल्मफेअरच्याही पुढे जाऊन तीन-तीनदा तिकिटे काढली. ‘लावारिस’ किंवा ‘मुकद्दर का सिकंदर’ यांचे तिकीट अमिताभसाठी काढले जाई हे जगजाहीर आहे. अण्णा मात्र डॉक्टर पडद्यावरून गेले की घरी जात, आणि उरलेल्या पैशांची वसुली कोणाकडून करावी, या विवंचनेत सकाळपर्यंत असत.

2016 साली ‘नटसम्राट’चा चित्रपट आला आणि त्यात बेलवलकरांची भूमिका नाना पाटेकरांनी केली, तेव्हा नातवाने सिंदखेडराजाहून मोटार आणली, पण अण्णा जागचे हलेनात.

“मूळ सातबाऱ्यावर नाव डॉक्टरांचं आहे.”

“पण आबा, तुम्ही ते नाटक पाहिलं तरी कधी?”

“वहिवाट सिद्ध करायला,” अण्णा उपरणे सावरीत म्हणाले, “साक्षीदारानं स्वतः नांगर धरावा लागत नाही.”