न कळलेल्या सिनेमावर अधिकारवाणीने बोलण्याची रीत

सिनेमा संपला की लगेच उठू नये. नावांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी: कॅमेऱ्याचा तिसरा सहायक, जनरेटर सांभाळणारा, मेंढ्या पुरवणारा, सगळे. तेवढ्यात झोप उतरते, पायाच्या मुंग्या जातात आणि मागच्या रांगेत कोण काय बोलते आहे तेही कानावर पडते. त्यातले एखादे वाक्य बाहेर चहाच्या टपरीवर आपले म्हणून खपवता येते. मूळ मालक त्याच टपरीवर नाही ना, एवढे बघून घ्यावे.

टपरीवर कुणीतरी विचारतेच, "कसा वाटला?" "कळला नाही" म्हणणे म्हणजे राजीनामा. "आवडला" हे त्याहून वाईट. आवडायला ती काय काकडीची कोशिंबीर आहे? "अजून मुरतोय" म्हणावे आणि शून्यात बघावे.

अतिवास्तववादी सिनेमाचे एक बरे असते. तो करणाऱ्यांनीच अर्थाला दारातून हाकललेले असते. लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी 1929 साली 'अँ शियाँ अंदालू' केला, तेव्हा तर्काने उलगडेल असे एकही दृश्य घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम होता. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोनवर तबकड्या लावत उभा होता, आणि लोक खवळलेच तर असू द्यावेत म्हणून त्याने खिशात दगड भरून आणले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दगड वाया गेले. हा किस्सा चाहत्याने पाठ करावा. तो नीट रंगवला, की सुरुवातीला वस्तऱ्याने डोळा चिरतात तिथे आपण स्वतःचे डोळे घट्ट मिटले होते, हे कबूल करण्याची वेळ येत नाही.

बुन्युएलच्याच 'द एक्सटर्मिनेटिंग एंजल'मध्ये (1962) जेवायला आलेली बडी मंडळी यजमानाच्या दिवाणखान्यातून बाहेरच पडू शकत नाहीत, आणि त्यांना अडवणारे तर कुणीच नसते. सुरुवातीला हीच मंडळी बंगल्यात दोनदा शिरतात. त्या वेळी "ओ, रीळ मागे गेलं!" असे ओरडू नये. ओरडलातच, तर लाजू नये. बुन्युएलने आत्मचरित्रात सांगितले आहे, की त्याचा छायालेखक फिगेरोआ हाच दोष दाखवायला घाबराघुबरा होऊन त्याच्याकडे आला होता. दोन्ही वेळा कॅमेऱ्यामागे तोच होता! अर्थ विचारलाच, तर "भांडवलदार वर्गावरचं भाष्य" म्हणून मोकळे व्हावे. बुन्युएलच्या बाबतीत हे वाक्य सहसा फुकट जात नाही.

डेव्हिड लिंचची तऱ्हा निराळी. 'इरेझरहेड' (1977) हा आपला सर्वांत आध्यात्मिक सिनेमा, असे तो एका मुलाखतीत म्हणाला. जरा उलगडून सांगा, म्हटल्यावर "नाही" एवढेच उत्तर मिळाले. ही पद्धत शिकायला सोपी, निभवायला अवघड; पुण्यात तर फारच. 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या (2001) डीव्हीडीसोबत मात्र त्याने दहा सूचना छापून दिल्या: लाल लॅम्पशेडकडे बघा, झग्याकडे बघा, कॉफीच्या कपाकडे बघा. त्यामुळे कोडे सुटले नाही, भांडायला दहा कलमे मिळाली. हा सिनेमा मुळात एका टीव्ही मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झाला होता. वाहिनीने नाकारला, मग फ्रेंच पैशावर पुढचा भाग जोडून त्याचा सिनेमा झाला. ही माहिती चारचौघांत काढू नये. त्यातल्या काउबॉयवर तासभर बोललेल्या माणसाला "तो पुढच्या एपिसोडात उलगडणार असेल" असे सांगणे सदोष मनुष्यवधात मोडते.

पण खरा धोका या कुणाचा नाही. खरा धोका संगीत नाटकांवर वाढलेल्या काकांचा. 'मलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये सिलेन्सिओ नावाच्या थिएटरात एक बाई जीव ओतून गाते, नायिका ढसाढसा रडतात, मग ती बाई कोसळते आणि गाणे तसेच चालू राहते. आपण "आभास", "स्वत्वाचं विघटन" वगैरे मांडामांड करत असतो, तेवढ्यात काका बिस्किट बुडवत म्हणतात, "त्यात काय? प्लेबॅक आहे."

याला उत्तर नाही. कारण बँड नाही, सगळे ध्वनिमुद्रित आहे, हे त्याच रंगमंचावरचा जादूगार आधीच बजावून गेलेला असतो. नर्गिसपासून काजोलपर्यंत सगळ्याजणींना लताबाईंच्या आवाजावर ओठ हलवताना पाहिलेल्या माणसाला यात धक्का कसला?

चाकोरीबाहेरच्या म्युझिकलला तर काकांना नेऊच नये. "माणसं मधेच गायला लागतात" यावर आपली निम्मी चर्चा उभी, आणि काकांच्या लेखी माणसे मधेच बोलायला लागतात हाच दोष. झाक देमीच्या 'द अंब्रेलाज ऑफ शेर्बुर्ग'मध्ये (1964) तोही दोष नाही. मिशेल लग्राँच्या संगीतात प्रत्येक वाक्य गायलेले आहे. पेट्रोल साधे की सुपर, हेसुद्धा. गॅरेजातला एक मेकॅनिक, ही गाणारी माणसे आपल्याला सोसत नाहीत, आपल्याला सिनेमाच बरा, अशी तक्रार करतो, तीही गाऊन. नायिका कॅथरीन देनव्हचा गाण्याचा आवाज दानिएल लिकारीचा. हे काकांना कळू देऊ नये.

तीच देनव्ह 2000 साली 'डान्सर इन द डार्क'मध्ये ब्यर्कशेजारी कारखान्यात यंत्रावर उभी दिसते. दोन्ही सिनेमांना कानचा सर्वोच्च पुरस्कार. 'डान्सर'चा दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायरने गाण्यांसाठी शंभर कॅमेरे लावले, हा आकडा चर्चेत फार उपयोगी पडतो. यंत्रांच्या खडखडाटातून ताल उचलून आंधळी होत चाललेली सेल्मा (ब्यर्क) नाचू लागते, आणि शेवटचे गाणे फासाच्या दोरापाशी, साथीविना, अर्ध्यावर तुटते. इथे काका रुमाल काढतात. आपणही काढावा आणि सिद्धांत खिशात ठेवावा.

लिओस काराक्सच्या 'अ‍ॅनेट'मध्ये (2021) नायक-नायिकेचे मूल म्हणजे एक बाहुली आहे. याबद्दल आश्चर्य दाखवू नये. आईबापांपेक्षा तीच समजूतदार वाटते, एवढे म्हटले तरी पुरते. ते खरेही आहे.

देशी दाखला हवा असल्यास कमल स्वरूप यांचा 'ओम दर-बदर' (1988) काढावा. तो थिएटरांत लागला 2014 साली. तोवर फार सोय होती, न पाहताच बोलता यायचे. त्यातले बेडूक कशाचे प्रतीक, असे कुणी विचारले तर "तुम्हाला काय वाटतं?" असा चेंडू परत टाकावा, समोरचा अर्धा तास खेळत राहतो. काकांकडे मात्र टाकू नये. ते "बेडूक" म्हणतील.